नोकरी गेल्यानंतरची कादंबरी

मित्रहो,

आजच्या विषयाभोवती एक लोकप्रिय कथा गुंफली गेली आहे. ती आधी बाजूला सारल्याखेरीज पुढचे काही नीट बोलता येणार नाही. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची नोकरी जाते, तो काही दिवस सुन्न बसून राहतो, मग कागद पुढे ओढतो आणि वर्षभरात कादंबरीकार होतो, अशी ती कथा. तिच्यात नोकरी जाणे ही इष्टापत्ती ठरते आणि त्याआधीची सारी चाकरी वाया गेलेला काळ ठरते. पुराव्यादाखल ज्यांची नावे घेतली जातात, त्यांची चरित्रे मात्र वेगळेच काही सांगतात.

अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांचे नाव सर्वांत आधी येते. लॉस एंजेलिसमधल्या एका तेलकंपनीत ते उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले होते, आणि ऐन महामंदीत, १९३२ साली, मद्यपान व गैरहजेरीमुळे त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांची पहिली रहस्यकथा १९३३च्या डिसेंबरात ‘ब्लॅक मास्क’ मासिकात छापून आली आणि ‘द बिग स्लीप’ ही पहिली कादंबरी १९३९ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. या दोन टोकांच्या मधली वर्षे बहुतेकजण एका वाक्यात उरकतात, आणि आपल्या कामाचे जे आहे ते नेमके तिथेच आहे. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांतल्या कथा चँडलर विद्यार्थ्याच्या निष्ठेने वाचत होते. त्या काळचे रहस्यकथाकार अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांची एक दीर्घकथा घेऊन त्यांनी तिचा तपशीलवार गोषवारा काढला, त्यावरून ती स्वतःच्या शब्दांत लिहिली, मूळ कथेशी ताडून पाहिली आणि कुठे जमले नाही ते हेरून पुन्हा लिहिली. थोड्याच काळापूर्वीपर्यंत कंपनीचा कारभार हाकणारा माणूस आता दुसऱ्याची कथा गिरवत बसला होता. पहिल्या कथेला पाच महिने लागले आणि शब्दाला एक सेंट या दराने तिचे १८० डॉलर मिळाले. एवढ्या मोबदल्यावर टिकून राहायला प्रतिभेपेक्षा नम्रता अधिक लागली असावी, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. विशीत असताना चँडलर लंडनमध्ये कविता, निबंध आणि परीक्षणे लिहीत होते. ते सुटले आणि मध्ये दोन दशके गेली. पोर्तुगालचे कादंबरीकार जोझे सारामागो यांची नोकरी पन्नाशीनंतर गेली, त्यांचेही तसेच. पहिली कादंबरी १९४७ साली छापली गेली आणि पुढची तीस वर्षे त्यांची कादंबरी आली नाही. म्हणजे नोकरी गेल्याने शून्यातून लेखक उभा राहिला असे या दोघांच्या बाबतीत घडले नाही. अर्धवट सुटलेला धागा पुन्हा हाती घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही, एवढेच घडले. उतारवयात लिहू पाहणाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्नही म्हणूनच असा असावा, की आपण काय लिहायचे थांबवले होते आणि ते का थांबवले होते.

आता रागाविषयी. नोकरी गेलेल्या माणसाजवळ वेळ असतो, अनुभव असतो आणि राग असतो. त्यातला राग सर्वांत आधी लिहायला बसतो. अशा कादंबरीत एक सज्जन, कर्तबगार नायक असतो, एक कपटी वरिष्ठ असतो, आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत वाचकाला कळून चुकते की हा वादीचा जबाब आहे. वरिष्ठाला स्वतःचे भय नसते, नायकाला स्वतःचा दोष नसतो. असे लिखाण करू नये असे मी म्हणणार नाही. ते लिहून टाकावे, पण त्याला कादंबरी समजू नये.

या बाबतीत अमेरिकन लेखक नॅथॅनियल हॉथॉर्न यांनी जे केले ते मला अतिशय शहाणपणाचे वाटते. ते सेलमच्या जकात कार्यालयात अधिकारी होते. अमेरिकेत सत्तांतर झाले आणि जून १८४९मध्ये राजकीय कारणाने त्यांना पदावरून दूर करण्यात आले. कथालेखक म्हणून तेव्हा त्यांचे नाव होते, पण संसार त्यावर चालत नव्हता. पुढच्या मार्चमध्ये त्यांची ‘द स्कार्लेट लेटर’ प्रसिद्ध झाली. कार्यालयाचा, तिथल्या पेंगणाऱ्या वृद्ध अधिकाऱ्यांचा आणि स्वतःच्या बडतर्फीचा सारा हिशेब त्यांनी पुस्तकाच्या आरंभी एका लांबलचक प्रास्ताविकात चुकता केला. गावात त्यावरून गहजब झाला, तरी दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. कादंबरी मात्र त्यांनी दोनशे वर्षे मागे, सतराव्या शतकातल्या बॉस्टनमध्ये नेली. समाजाने सर्वांसमक्ष दोषी ठरवलेल्या एका स्त्रीची ती कहाणी आहे. चारचौघांत बेअब्रू होणे म्हणजे काय, हे लेखकाला नुकतेच ठाऊक झाले होते. पण तो अनुभव त्याने अशा माणसाला दिला, की जिच्या जागी तो स्वतः कधीच उभा राहू शकला नसता. तक्रार प्रास्ताविकात राहिली आणि तिच्यातला अर्क कादंबरीत उतरला.

रागाच्या मानाने कामाच्या वर्षांनी दिलेले ज्ञान कितीतरी उपयोगी असते, आणि गंमत अशी की नोकरी गमावलेला माणूस त्यालाच कवडीमोल समजत असतो. निर्णय बैठकीत होतात की बैठकीच्या आधी, सही कोणाची असते आणि शब्द कोणाचा चालतो, बढती मिळालेल्या मित्राशी बोलताना आवाज कसा बदलतो, हे वीस वर्षे नोकरी केलेल्याला न शिकता येते. पंचविशीतल्या हुशार लेखकाला ते कल्पनेने रचावे लागते आणि तिथे तो हमखास पकडला जातो. ‘द बिग स्लीप’मधल्या स्टर्नवुड घराण्याची श्रीमंती तेलाच्या विहिरींतून आलेली आहे आणि कथेचे रहस्यही त्या जुन्या तेलक्षेत्रापाशीच उलगडते, चँडलर यांना ती दुनिया हिशेबाच्या वह्यांपासून ठाऊक होती. सारामागोंनी प्रकाशनगृहात काम केले होते, आणि त्यांच्या एका कादंबरीचा नायक मुद्रितशोधक आहे. थरारकादंबऱ्या लिहिणारे ली चाइल्ड यांची ब्रिटनमधल्या दूरचित्रवाणी कंपनीतली नोकरी १९९५मध्ये फेररचनेत गेली, तेव्हा ते चाळिशीत होते. त्यांचा नायक लष्करी पोलीस आहे, पण तोही सैन्यकपातीत बाहेर पडलेला. लेखकाची बेकारी नायकाकडे येताना भटकंतीचे स्वातंत्र्य होऊन येते.

पैशाचा प्रश्न टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिक ठरेल. हॉथॉर्न यांच्या पत्नी सोफिया यांनी घरखर्चातून गुपचूप रक्कम बाजूला ठेवली होती आणि नंतर मित्रांनीही वर्गणी काढून मदत केली. सारामागो भाषांतरे करून पोट भरत होते. साधा हिशेब मांडून पाहा. ८०,००० शब्दांची कादंबरी रोज ४०० शब्दांच्या गतीने एकदा लिहून व्हायला २०० दिवस लागतात, तेही एकही दिवस न चुकता. पुनर्लेखन, प्रकाशकाचा शोध आणि छपाई यांचा काळ वेगळा. तोवर घर कशावर चालणार, याचे उत्तर घरातल्या माणसांबरोबर बसून, आकडे मांडून काढावे लागते. अर्धवेळ काम पत्करल्याने लेखकपणाला बाध येत नाही. बचत संपत चालल्याच्या धास्तीत लिहिलेली प्रकरणे मात्र घाईची होतात आणि ती घाई पानावर दिसते.

सारामागोंचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण वयाविषयी मला जे म्हणायचे आहे ते त्यात आहे. लिस्बनमधल्या ‘दियारियु द नोतीसियश’ या दैनिकाचे ते उपसंचालक होते. नोव्हेंबर १९७५मधल्या राजकीय उलथापालथीनंतर ते पद गेले. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. दुसरी नोकरी शोधायची नाही, असे त्यांनी ठरवले. पुढल्या वर्षी आलेंतेजू प्रांतातल्या लाव्र या गावी जाऊन ते शेतमजुरांमध्ये राहिले, त्यांचे बोलणे ऐकले, टिपणे काढली. त्यातून जी कादंबरी झाली ती १९८०मध्ये आली. मधल्या काळात सामग्री त्यांच्याजवळ होती, पण ती कोणत्या आवाजात सांगायची हे सापडत नव्हते. संवादांना अवतरणचिन्हे न देता, श्वासाच्या लयीवर वाहत जाणारे ते प्रसिद्ध लांब वाक्य त्यांना त्याच कादंबरीत गवसले. नोबेल १९९८चे, पण त्यापेक्षा ती चार-पाच वर्षे मला मोठी वाटतात, कारण साठीकडे झुकलेल्या माणसाला थांबणे परवडत नाही असे आपण गृहीत धरतो आणि हा माणूस थांबला.

शेवटी इंग्रज कादंबरीकार पेनेलपी फिट्झजेराल्ड यांच्याविषयी. त्यांची नोकरी गेली नव्हती, उलट पुढे कितीतरी वर्षे त्या शिकवत राहिल्या. पण त्यांची पहिली कादंबरी १९७७ साली, साठाव्या वर्षी आली, म्हणून त्यांना वगळता येत नाही. पुस्तकांचे दुकान, टेम्स नदीवरचे नावेतले बिऱ्हाड, युद्धकाळातली बीबीसी, नाट्यशिक्षणाची शाळा, असे स्वतः पाहिलेले जग त्यांनी एकेका छोट्या कादंबरीत वापरले. तो साठा संपल्यावर त्या ग्रंथालयात गेल्या आणि क्रांतीपूर्व मॉस्को, १९१२चे केंब्रिज, अठराव्या शतकातले जर्मन कुटुंब अशा परक्या जगांवर लिहू लागल्या. एकूण नऊ कादंबऱ्या झाल्या. नववी प्रसिद्ध झाली तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि तीच सर्वांत श्रेष्ठ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पहिल्या पुस्तकाच्या विचाराने जे आज इथे आले आहेत, त्यांनी नोकरीतल्या अनुभवांचा साठा संपल्यानंतरच्या, म्हणजे पाचव्या-सहाव्या पुस्तकाचा विषयही आतापासून मनात ठेवायला माझी हरकत नाही.