आधी पळणं, मग सीताफळाचा केक

नमस्कार श्रोतेहो. पहाटे आता गारवा जाणवायला लागलाय आणि बाजारात सीताफळाच्या पाट्या दिसू लागल्यात. सहा वर्षं झाली, मी रोज पहाटे पळते. आणि हंगामी फळाचा केक मला मनापासून आवडतो. दोन्ही कसं जमतं, असं बऱ्याच मैत्रिणी विचारतात. माझं उत्तर एकच: आधी पळणं, मग केक.

मे महिन्यात केसर आंबा, आता सीताफळ, पुढं मोसंबी. मराठवाड्याचा केसर, बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. असं फळ दारात असताना बाटलीतला इसेन्स कशाला? आणि केकचा विषय निघालाच आहे, तर वाढदिवसाला तो तोंडाला फासणं बंद करा हो. कुणीतरी पहाटेपासून राबून केलेलं ते अन्न असतं.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. ऑक्टोबरातला रविवार होता. संभाजीनगरातल्या एका पॅटिसरीत सीताफळाचा केक आला होता. जेमतेम तीन-चार आठवडे मिळतो. विद्यापीठाच्या रस्त्यानं लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊन मी दहा किलोमीटर पळाले, मग दुकान गाठलं. दोन तुकडे डब्यात घेतले आणि चालत घराकडं निघाले. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. क्रीम वितळेल म्हणून एका लिंबाखाली थांबले. तिथं एक आजी दौलताबादच्या डोंगरातली सीताफळं घेऊन बसलेली. पाटीत खाली गवत, वर ओलं फडकं.

"काय हाय गं बाई डब्यात?"

"सीताफळाचा केक आहे, आजी."

"सीताफळाचा? आन् शिजवला कसा? चुलीवर चढवलं की कडू होतंय ते."

मला हे माहीतच नव्हतं. एक तुकडा मी तिच्या हातावर ठेवला. तिनं आधी वास घेतला, मग बोटानं क्रीम जिभेला लावलं आणि सावकाश सगळा तुकडा खाल्ला.

"बी न्हाई एक बी. कुणी काढल्या एवढ्या?" मग थोडं थांबून म्हणाली, "ग्वाड हाय, पण डोळे उघडायच्या आत तोडलंय हे फळ. वास न्हाई त्याला."

आणि पाटीतलं एक सीताफळ फोडून माझ्या हातात दिलं. "हे खा, मग सांग."

श्रोतेहो, तो पांढरा रवाळ गर आणि त्याचा वास मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी मी पॅटिसरीत जाऊन विचारलं. गर चाळणीवर हातानं घासून बिया काढतात आणि केक भाजून पूर्ण गार झाल्यावरच तो क्रीममध्ये मिसळतात. गरम केला तर कडवट होतो. आजी म्हणाली तेच.

आता हिशेबाचं थोडक्यात. एक किलोमीटर पळालं की ढोबळमानानं वजनाच्या दर किलोमागं एक कॅलरी खर्च होते. साठ किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला, तर तीनशेच्या आसपास. क्रीमच्या केकचा एक तुकडा तेवढं सहज भरून काढतो. म्हणून पळाले म्हणजे कितीही खाल्लं तरी चालेल, असं धरू नका. माझा नेम रविवारी एक तुकडा, तोही पळून आल्यावर. आधी पाणी, मग पोहे नाहीतर अंडी, मग केक. पळायच्या आधी क्रीम खाल्लं तर पोट जड होतं आणि कुशीत कळ येते. पुन्हा सांगते, आधी पळणं, मग केक.

त्या पॅटिसरीवाल्यांना मी आजीची जागा दाखवून ठेवली होती. यंदा सीताफळं तिच्याच पाटीतून गेलीत. परवाच्या रविवारी दोन तुकडे घेतले, एक तिचा. डबा उघडायच्या आधीच तिनं मान हलवली, "आला गं वास."