रिपोर्ट नॉर्मल आला, तरी आजार खराच

नमस्कार श्रोतेहो.

"एमआरआय तर नॉर्मल आला. म्हणजे पोरगा नाटकं करतोय ना, डॉक्टर?" पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांना हा प्रश्न नवा नाही. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, झालेल्या मुलाचे वडील तो रागाने नाही, थकून विचारतात. आज मी त्यांच्यासाठी बोलतो आहे.

आधी एक करून बघा. डोकं स्थिर ठेवून एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू बाजूला न्या. नजर बोटाबरोबर अलगद सरकते. हा आजार असलेल्या अनेकांची नजर इथे मागे पडते, झटकन उडी मारून बोटाला गाठते, पुन्हा मागे पडते. या उड्या फार बारीक असतात, पण यंत्राच्या आलेखावर त्या उमटतात. डिफेनडॉर्फ आणि डॉज या संशोधकांनी त्या १९०८ सालीच नोंदवल्या होत्या. पुढे १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ फिलिप होल्झमन यांना रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांपैकी काहींमध्येही तेच आढळलं. भावंडांनी घाबरू नका, ही आजाराची चाहूल नव्हे. पण हा दोष रक्ताच्या नात्यात दिसतो, यावर "आईनेच लाडावून ठेवलं" म्हणणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

दुसरी चाचणी अशी: दिवा लागला की त्याच्या विरुद्ध बाजूला बघायचं. चुकतो आपणही, पण या रुग्णांची नजर जास्त वेळा दिव्याकडेच जाते. नजरेला आवरण्याचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं. अशा चाचण्या करताना फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचं चालू काम दाखवणारा एमआरआय, काढला, तर तिथल्या कामात फरक दिसतो.

मग आपल्या रिपोर्टात का नाही दिसत? कारण नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, आणि तो मुख्यतः गाठ, सूज, पक्षाघात नाही ना, हे बघायला काढतात. स्किझोफ्रेनियातले फरक अनेक रुग्णांची सरासरी काढल्यावर कळतात. एकट्या माणसाच्या फिल्मवर बोट ठेवता येत नाही. नजरेच्या चाचणीचंही तेच, तसे दोष इतर आजारांतही आढळतात. निदान होतं ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, काही महिन्यांचा इतिहास ऐकून. म्हणून फाइलबरोबर आठवणीही आणा: झोप कधी बिघडली, कॉलेज कधी सुटलं, स्वतःशीच बोलणं कधी सुरू झालं.

डॉक्टरांकडे जाणं लगेच जमत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.