स्टँडमधल्या माणसाला सांगा

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मला दोन विषय दिले होते. एक व्हीएआर, म्हणजे फुटबॉलमध्ये व्हिडिओ बघून दिले जाणारे पंचांचे निर्णय. दुसरा, सामन्यांच्या तिकिटांचे वाढलेले भाव. अर्धा तास यावर, अर्धा तास त्यावर बोला, असं सांगितलं होतं. मी दोन्ही एकत्रच घेणार आहे, कारण मला हे एकच भांडण वाटतं. मैदानात जाऊन सामना बघणाऱ्या माणसाचा या खेळावर काही हक्क उरलाय का, यावरून ते चाललंय.

आधी व्हीएआर. पार्क चौकात रात्री चहाच्या गाडीवर उभं राहिलं की दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. एक जण म्हणतो, "काढून टाका बे ते, गोलची मजाच घालवली." दुसरा म्हणतो, "मग चोरीचा गोल चालतो का बे तुला?" दोघंही तळमळीनं बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

दुसऱ्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येक भारतीयाला एक तारीख आठवत असेल, ११ जून २०२४. दोहामध्ये विश्वचषक पात्रता फेरीत भारत विरुद्ध कतार. ३७व्या मिनिटाला छांगतेनं गोल केला, आपण १-० नं पुढे. जिंकलो असतो तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेलो असतो, जिथं भारत कधीच पोचलेला नाही. ७३व्या मिनिटाला कतारची फ्री किक आली. हेडर आपला गोलरक्षक गुरप्रीतनं अडवला, पण चेंडू सरकत गोलपोस्टच्या बाजूनं रेषेबाहेर गेला. गुरप्रीत जमिनीवर होता. आता कॉर्नर मिळणार, म्हणून आपले खेळाडू थांबले. तेवढ्यात कतारच्या अल हाश्मीनं बाहेर गेलेला चेंडू पायानं आत ओढला आणि युसेफ आयमननं तो जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. आपले खेळाडू पंचांभोवती जमले, हात करून करून जागा दाखवत राहिले, काही उपयोग झाला नाही. त्या फेरीत व्हीएआरच नव्हतं. ८५व्या मिनिटाला दुसरा गोल बसला आणि भारत स्पर्धेबाहेर. एकदा रिप्ले बघितला असता तर जो निर्णय दहा सेकंदांत बदलला असता, त्यानं वर्षानुवर्षांची मेहनत मातीत घातली. म्हणून व्हीएआर मुळापासून उखडा असं मी म्हणणार नाही.

पण मग चाललंय ते बरोबर आहे का? नाही.

२०१८ साली व्हीएआर खेळाच्या नियमांत आलं आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात वापरलं गेलं. तेव्हा ठरलं होतं की फक्त चार गोष्टींत हात घालायचा: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड. तेसुद्धा चूक स्पष्ट आणि ढळढळीत असेल तरच. कतारचा गोल ढळढळीत होता, तिथं वादच नाही. पण हा कसोटीचा दगड हळूहळू बाजूला पडला आणि पायाच्या अंगठ्यानं, खांद्याच्या टोकानं ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना बचावपटूंच्या पुढे असणं, ठरायला लागलं.

आता साधा हिशोब करा. ताशी २५ किलोमीटरनं पळणारा खेळाडू सेकंदाला ७ मीटर जातो. कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं टिपत असेल तर दोन चित्रांच्या मध्ये तो १४ सेंटिमीटर सरकलेला असतो. बचावपटू उलट दिशेनं पळत असेल तर अंतर दुप्पट. पास नेमका कुठल्या चित्रात सुटला, हे माणूस डोळ्यानं ठरवणार आणि मग दोन-तीन सेंटिमीटरवरून गोल रद्द करणार. अचूकतेचा हा दावा त्या यंत्राला झेपणाराच नव्हता. २०२२ च्या विश्वचषकात छताखाली १२ खास कॅमेरे लावले, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू टिपले, चेंडूत सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा सेन्सर बसवला, तेव्हा कुठे ऑफसाइडला थोडा आधार आला. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये, अशी यंत्रणा यायला एप्रिल २०२५ उजाडला.

हँडबॉल आणि धक्काबुक्की यांचं तर यंत्रालाही जमत नाही. कुठलाही स्पर्श संथ गतीनं दाखवा, तो मुद्दाम केल्यासारखाच दिसतो. तिथं निर्णय माणसाचाच राहतो, फक्त मैदानावरच्या माणसाऐवजी दूर खोलीत पडद्यांसमोर बसलेल्या व्हिडिओ पंचाचा.

आणि खोलीतला माणूसही चुकतो. ३० सप्टेंबर २०२३ चा टॉटनहॅम–लिव्हरपूल सामना बघितलेले बरेच जण इथं बसलेत. लिव्हरपूलच्या लुईस दियासनं गोल केला, लाइनमननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. खोलीत तपासलं, दियास ऑनसाइड होता. पण तपासणाऱ्याची समजूत अशी की मैदानावर गोल दिलेलाच आहे. त्यामुळे त्यानं पंचांना कळवलं, तपासणी पूर्ण. पंचांनी त्याचा अर्थ घेतला, ऑफसाइड कायम. खेळ पुन्हा सुरू झाला. रिप्ले चालवणाऱ्याच्या लक्षात आलं, तो सांगत होता, थांबवा. पण खेळ सुरू झाल्यावर मागं जाता येत नाही, असं म्हणून गप्प बसले. लिव्हरपूल २-१ नं हरलं. इंग्लंडच्या पंच संस्थेनं त्याच दिवशी चूक कबूल केली आणि काही दिवसांनी खोलीतलं संभाषण जाहीर केलं.

ते संभाषण ऐकताना मला एकच गोष्ट खटकत होती. हेच बोलणं त्या क्षणी स्टेडियमभर ऐकू गेलं असतं, तर ती गफलत टिकलीच नसती. हजारो लोक एका आवाजात ओरडले असते.

आपण घरी आयपीएल बघतो. तिसरा पंच काय म्हणतो ते शब्द न् शब्द ऐकू येतं: पुढचा अँगल दाखवा, अल्ट्राएज लावा, आता बॉल ट्रॅकिंग. निर्णय पटत नसला तरी तो कसा झाला ते कळतं. फुटबॉलमध्ये काय होतं? गोल होतो, लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि पंच कानाला हात लावून उभा राहतो. दोन मिनिटं, तीन मिनिटं. सोलापुरात सोफ्यावर बसलेल्या मला चार कोनांतून रिप्ले दिसतोय. भाडं खर्चून, तिकीट काढून, थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. २०१९ साली प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर आलं, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्ड आणि अ‍ॅनफिल्डवर मोठा पडदासुद्धा नव्हता. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंच माइकवरून स्टेडियमला निर्णय सांगत होते. प्रीमियर लीगनं ते स्वीकारलं २०२५-२६ च्या हंगामात. सहा वर्षं लोकांना अंधारात ठेवलं! अजूनही फक्त शेवटचा निकाल सांगतात, चर्चा बंद दाराआडच.

म्हणून स्वीडनचं मला फार कौतुक वाटतं. तिथं क्लबची बहुसंख्य मतं, ५१ टक्के, सभासदांच्या हातात असावी लागतात. म्हणजे स्टँडमधल्या लोकांच्या. त्या सभासदांनी व्हीएआर नको म्हटलं आणि त्यांच्या लीगमध्ये ते आलं नाही. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. पण कुणीतरी त्यांना विचारलं होतं, ही गोष्ट मोठी आहे.

आता तिकिटाकडे येतो. इथं सोलापूरकरांना जे पटकन कळेल ते मुंबई-पुण्याला कदाचित कळणार नाही.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी ३ ला सामना सुरू होण्याची रीत कशी पडली? १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायकांचं आणि किशोरवयीन पोरांचं काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबवणं बंधनकारक झालं. त्यांच्याशिवाय गिरणी चालत नव्हती, म्हणून हळूहळू पुरुषांनाही ती अर्धी सुट्टी मिळाली. २ ला गिरणी सुटायची, ३ ला सामना. १८८८ साली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा १२ क्लब होते, त्यातले ६ लँकेशायरचे. ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, प्रेस्टन, अ‍ॅक्रिंग्टन ही सगळी कापडाची गावं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घरात चूल पेटायची, त्यांना मी आणखी काय सांगू? हा खेळ आपल्यासारख्या गावांनी मोठा केला. गिरणीतून सुटलेल्या माणसाच्या खिशाला परवडत होता म्हणून तो मोठा झाला.

पूर्वी त्याच लँकेशायरमध्ये असलेल्या लिव्हरपूलमध्ये २०१६ साली क्लबनं नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं. तेव्हाच्या दरानं साधारण ७,५०० रुपये, एका सामन्याचे. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध सामना होता. लिव्हरपूल २-० नं पुढे होतं. ७७वं मिनिट लागलं आणि सुमारे १०,००० माणसं उठली आणि बाहेर चालू लागली. आपला संघ जिंकत असताना! डोळ्यांसमोर रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. पुढच्या काही मिनिटांत संडरलँडनं दोन गोल केले, सामना २-२ सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ पौंड मागे घेतले, भाव गोठवले. पुढच्या हंगामापासून प्रीमियर लीगनं बाहेरगावच्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. त्यामागं चाहत्यांची कित्येक वर्षांची मोहीम होती. लोक एकत्र आले की भाव खाली येतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

उलट दिशाही बघा. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफानं मागणीनुसार हलणारे भाव आणले. दिवाळीत पुणे–सोलापूर ट्रॅव्हल्सवाले करतात तेच. घरी जायचंय म्हणून तुम्ही देणारच, हे त्यांना ठाऊक असतं. विक्री जाहीर करताना सुरुवात ६० डॉलरपासून आणि अंतिम सामन्याचं सर्वांत महाग तिकीट ६,७३० डॉलर असं सांगितलं होतं. चाहत्याचं प्रेम मोजून त्याच्याकडून वसूल करायचं, हे मला अनैतिक वाटतं.

मला इथल्याच एकानं विचारलं, "सर, आपल्याला काय त्याचं? आपण तर टीव्हीवर बघतो." आपला संबंध आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला बंदी असते, लोकांनी मैदानात यावं म्हणून. म्हणजे हिवाळ्यात रात्री साडेआठला जो सामना तुम्ही जेवता जेवता थेट बघता, तो लिव्हरपूलच्या माणसाला घरच्या टीव्हीवर दिसत नाही. त्याला तिकीटच काढावं लागतं. २०२२ नंतरच्या करारांत प्रीमियर लीगला परदेशातून मिळणारे प्रक्षेपणाचे पैसे मायदेशातल्या पैशांपेक्षा जास्त झाले. त्यात आपल्या रिचार्जचेही आहेत. इतका पैसा येत असताना त्या माणसाच्या तिकिटाला हात लावायची गरज काय?

आणि तो माणूस मैदानात नसला तर काय होतं, ते आपण २०२० मध्ये बघितलं. रिकाम्या स्टँडसमोर सामने झाले, टीव्हीवर रेकॉर्ड केलेला गोंगाट वाजवला गेला. खेळाडू तेच, चेंडू तोच, तरी बघवत नव्हतं. आपण रात्र जागवतो ती त्या गाण्यांसाठी, त्या आवाजासाठीसुद्धा. खेळाचा हा अर्धा भाग कामगार माणूस तयार करतो आणि त्यासाठी पैसेही तोच भरतो. खात्री करायची असेल तर लांब जायला नको. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना बघून या. अख्खी पेठ पायऱ्यांवर बसलेली असते.

आता आपल्या देशाचं बोलून थांबतो. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ ला सुरू झाली, पण व्हीएआरशिवायच खेळली गेली. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत बंगळुरूच्याच छेत्रीनं समोरचा संघ तयार होण्याआधी झटपट फ्री किक मारली, पंचांनी गोल दिला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. पुढे त्यांना ४ कोटींचा दंड झाला. व्हिडिओची मागणी त्यानंतर अधिकच वाढली. अडचण खर्चाची आहे. त्यावर एक स्वस्त मार्ग निघालाय, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट. २०२४ मध्ये कोलंबियात २० वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात तो वापरला. वेगळी खोली नाही, खोलीत बसवलेले पंच नाहीत. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते, दाद खरी ठरली तर ती संधी शिल्लक राहते आणि मुख्य पंच कडेला येऊन स्वतः पडद्यावर बघतो. आपल्याला हे परवडू शकतं. माझी मागणी एवढीच की ते आणताना तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरवून टाकाव्यात. पंचाच्या अंगावर माइक असावा आणि तो बोलेल ते स्टेडियमला ऐकू जावं. तो बघतोय तोच रिप्ले मैदानातल्या पडद्यावर दिसावा. आणि या सगळ्याचा खर्च सर्वांत स्वस्त तिकिटावर टाकू नये. पार्क मैदानाबाहेर रिक्षा लावणारा माणूस पोराला घेऊन ज्या स्टँडमध्ये बसेल, त्या स्टँडच्या तिकिटावर तर अजिबात नाही.