पाऊस रतनवाडीचा, पीक नेवाशाचं

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय प्रवरेबद्दल. गोदावरीची उपनदी, एवढ्यावर शाळेत विषय संपतो, पण नगरकडे कुणालाही विचारा, जुलै लागला की घरोघरी एकच चौकशी असते, भंडारदरा धरण किती भरलं?

कारण ही नदी उगम पावते रतनगडावर, आणि तिथे घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, भाताची खाचरं तुडुंब, आणि तीच नदी पूर्वेला दोनशेक किलोमीटर जाऊन नेवाशात पोचते तेव्हा तिथला पाऊस ५००च्या आसपास, तोही आला तर आला. खालचा शेतकरी स्वतःच्या आभाळाकडे बघतच नाही, त्याचं लक्ष वर नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगराकडे. इंग्रजांनी काम काढलं, १९२६ला अकरा टीएमसीचं, म्हणजे अकरा अब्ज घनफुटांचं, भंडारदरा धरण पुरं झालं, पाट निघाले, आवर्तन सुटलं, म्हणजे पाटाला पाळीचं पाणी आलं, की रात्री बॅटऱ्या घेऊन दारं धरायची, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायचं, ऊस वाढला, आणि मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन सहकारी साखर कारखाना काढला, १९५०-५१ला पहिलं गाळप!

पण माणसं इथे पाटामुळे आली असं नाही हं. संगमनेरजवळचं जोर्वे ह्याच नदीकाठचं, त्याच्या नावाने अख्खी ताम्रपाषाण, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातली, संस्कृती ओळखतात. आणि श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९७४ला झाडाचं मूळ खणताना काय सापडलं माहितीये, ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस, सगळं मिळून साठ किलोच्या वर! मला तर त्या रथवाल्याकडे बघून वाटतं हा आत्ताच पांदीतून आला असेल. पुढे नेवासा, शके १२१२, ज्ञानेश्वर माउली, ज्याला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात तो खांब अजून आहे तिथे.

मग टोक्याजवळ प्रवरासंगमला ती गोदावरीत शिरते, जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात, आणि नगरचं पाणी मराठवाड्याचं होतं, त्याच्यावरून दुष्काळी सालात भांडणं होतात ती तुम्ही ऐकलीच असतील.

पण त्या भांडणात वरच्या लोकांचं नाव कुणी घेत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं. उभा कातळ, तीव्र उतार, पाणी थांबतच नाही, सगळं खाली धरणात. म्हणून ज्यांच्या छपरावर एवढा पाऊस पडतो त्या अकोल्यातल्या आदिवासी पाड्यांवर मे महिन्यात बाया हंडे घेऊन झऱ्याशी बसलेल्या असतात, वाटीवाटीने पाणी भरत.