सतरंजीवरची बँक

(नवी मुंबई, तुर्भे स्टोअरची गल्ली. दारात चपलांचा ढीग.)

सकाळचे साडेआठ. मायक्रोफायनान्सची, म्हणजे बिनतारण छोट्या कर्जांची, हप्ते भरायची बैठक. पाच-पाच बायकांची एकेक ओळ. ओळ म्हणजे गट, सगळे गट मिळून केंद्र, म्हणजे सेंटर. एकीचा हप्ता राहिला की उरलेल्या चौघींनी भरायचा. घर-दागिना काही गहाण नाही, तारण काय ते ही ओळच.

(नोटा मोजणारे हात.)

आधी गटप्रमुख मोजते, मग केंद्रप्रमुख, शेवटी लोनवाले सर, म्हणजे कंपनीचा वसुलीचा माणूस. कार्डावर सही पडेपर्यंत पैसे सोडायचे नाहीत. हप्ता दिला पण चढलाच नाही, हा घोळ राहिलेल्या सहीतूनच होतो. सरांच्या हाती आता टॅब आहे, तरी बायकांनी कार्ड सोडलेलं नाही. बरंच केलं.

(कार्ड, जवळून.)

समजा, 10,000 रुपये, 52 आठवडे, 12 टक्के फ्लॅट. हप्ता सुमारे 215 रुपये. मुद्दल दर आठवड्याला उतरतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर. घटत्या शिलकेवर मांडलं तर हाच दर 22 टक्क्यांच्या वर जातो. दर विचारताना फ्लॅट (पूर्ण मुद्दलावर) की रिड्यूसिंग (घटत्या शिलकेवर), हे आधी विचारायचं.

ही बैठक बसवली ती बँकांनी नव्हे. बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी 1976 साली प्रयोग सुरू केला, 1983 साली त्याची ग्रामीण बँक झाली. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये 2001 साली सेवाभावी संस्था म्हणून निघालेली बंधन ऑगस्ट 2015 मध्ये बँक झाली.

बँक कशाला व्हायचं? ठेवींसाठी. सेवाभावी संस्थेला लोकांच्या ठेवी घेता येत नाहीत, मायक्रोफायनान्स कंपनीलाही नाही. पैसा दुसऱ्या बँकेकडून व्याजाने आणायचा, त्यावर पगार, फिरती, बुडीत चढवून पुढे द्यायचा. म्हणून दर चढा. 2010 साली आंध्रात या कंपन्यांच्या कर्ज-वसुलीवर बंधनं घालणारा वटहुकूम निघाला, वसुली ठप्प झाली आणि बँकांनी देशभर या कंपन्यांना पैसा देताना हात आखडला. 2015 साली रिझर्व्ह बँकेने 10 जणांना स्मॉल फायनान्स बँकेची (ठेवी घेऊन छोटी कर्जं देणाऱ्या बँकेची) तत्त्वतः मान्यता दिली. त्यांतल्या 8 मायक्रोफायनान्सवाल्या, बेलापूरची सूर्योदय त्यांतलीच.

एकाच घरात तीन-तीन कंपन्यांची कर्जं, हेही इथे आहे. 2022 पासून नियम असा, की घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जायला नकोत. फॉर्मवर उत्पन्नाचा आकडा कोण भरतं, ते बघायला हवं.

(सतरंजीची गुंडाळी. मोटरसायकल.)

नऊला मीटिंग उरकली. साडेनऊला दिघ्याचं सेंटर.