जाम झालेला कॅलिपर : रत्नागिरीच्या एका गॅरेजमधील दुरुस्ती

आमच्या या चित्रफितीच्या सुरुवातीला जॅकवर उचललेल्या गाडीचे पुढचे डावे चाक मिस्त्री दोन्ही हातांनी फिरवू पाहत आहेत. गिअर न्यूट्रलमध्ये आहे, ब्रेकवर कोणाचा पाय नाही, तरीही चाक जेमतेम वीतभर सरकून थांबते.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर असलेल्या या गॅरेजमध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर अशी गाडी येणे नवलाचे नाही. मालक मुंबईला असतात आणि गाडी जूनपासून गावच्या खळ्यात उभी असते. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांतच कोसळतो. त्यात समुद्रावरून येणारी खारी हवा. गाडी बाहेर काढली तेव्हा ती डावीकडे ओढू लागली आणि चाकाजवळ जळका वास येऊ लागला, एवढीच मालकांची तक्रार होती.

चाक उतरवल्यावर दिसतो तो कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमट्यात धरणारा बिडाचा भाग. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९५३ साली ल मान्सची शर्यत जॅग्वारने याच ब्रेकच्या बळावर जिंकल्यानंतर मोटारींच्या जगाचे लक्ष त्याकडे गेले. ड्रम ब्रेक झाकलेला असतो, डिस्क उघडी असते. म्हणून ती लवकर थंड होते, आणि म्हणूनच रस्त्यावरचे पाणी व जांभ्याचा लाल चिखल थेट तिच्यापर्यंत पोहोचतो.

कॅलिपर खोलण्याआधी मिस्त्री एक साधी परीक्षा करतात. ते ब्रेक दाबून सोडायला लावतात आणि मग कॅलिपरवरचे निपल, म्हणजे आतले तेल व हवा बाहेर सोडण्याचे तोंड, थोडे सैल करतात. निपल उघडताच चाक मोकळे झाले असते, तर दाब वरच्या बाजूला अडकला आहे, बहुधा ब्रेक ऑइल आणणारी रबरी नळी, म्हणजे होज, आतून फुगून बंद झाला आहे, असा अर्थ निघाला असता. येथे निपल उघडूनही चाक घट्टच राहिले, म्हणजे दोष कॅलिपरमध्येच आहे. ही परीक्षा न करता थेट नवा कॅलिपर बसवणाऱ्यांकडून गाडी तोच आजार घेऊन परत येऊ शकते.

आता बाहेर आलेले दोन पॅड शेजारी शेजारी ठेवले आहेत. पिस्टनकडचा पॅड पत्र्यापर्यंत घासला गेला आहे, तर बाहेरच्या पॅडवर निम्म्याहून अधिक लायनर, म्हणजे घासला जाणारा थर, शिल्लक आहे. अशा कॅलिपरमध्ये तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. या पिना गंजल्या, की सारा भार आतल्या पॅडवर येतो. खालची पिन निघताना जो आवाज झाला, त्यातून तिची अवस्था कळते. कॅलिपर सुटल्यावर तो तारेने स्प्रिंगला टांगला आहे, होजवर लोंबकळत सोडलेला नाही, याकडे आवर्जून पाहावे.

पिस्टन बाहेर काढणे हा या कामातला सर्वांत नाजूक टप्पा आहे. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी कंप्रेसरची हवा मारतात. अडकलेला पिस्टन मग गोळीसारखा सुटतो आणि समोर बोट असेल तर ते चिरडते. येथे होज जोडलेलाच ठेवून, पिस्टनसमोर लाकडी ठोकळा धरून, साहाय्यक गाडीत बसून पेडल हळूहळू दाबतो. तेलाचा दाब हवेहून कितीतरी अधिक असतो आणि तेल हवेसारखे उसळत नाही, त्यामुळे पिस्टन संथपणे पुढे येताना कॅमेऱ्याला टिपता आला. धूळ अडवणाऱ्या, पण आता फाटलेल्या रबरी डस्ट बूटखाली साचलेला गंजही येथे स्पष्ट दिसतो.

आतल्या खाचेतून निघालेले चौकोनी काटाचे रबरी रिंग हे या यंत्रणेचे मर्म आहे. ब्रेक दाबल्यावर पिस्टनबरोबर ते किंचित ताणले जाते आणि पाय काढताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे खेचते. पिस्टन मागे घेणारी वेगळी स्प्रिंग या कॅलिपरमध्ये नाही. खाचेत गंज साठला की रिंगला हालचालीस जागा उरत नाही. म्हणून मिस्त्री खाच घासण्यात इतका वेळ घालवतात. पिस्टनच्या मुलाम्याला खड्डे पडलेले असल्यामुळे तो बदलला जातो. त्यावर पॉलिश पेपर मारून काम भागवणे योग्य नव्हे. धुण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल वापरलेले नाही, कारण ब्रेकमधले रबर त्याने फुगते. नवे रिंग स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवले आहे आणि पिस्टन अंगठ्याच्या दाबाने सरळ आत गेला आहे. पिनांना उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावले आहे, तेही बेताने.

जुने ब्रेक ऑइल बाटलीत काळपट दिसते. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते; डॉट ४ दर्जाचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पाणी मुरल्यावर तोच आकडा १५५ वर येतो, आणि जाम ब्रेक घेऊन आंबा घाट उतरणाऱ्या गाडीत ते उकळले तर पेडल तळाला जाऊन अपघात होऊ शकतो.

जोडणी करताना निपल वरच्या बाजूला आले आहे, हे पाहून घेतले जाते. डावा व उजवा कॅलिपर अदलाबदल झाल्यास निपल खाली येते आणि आतली हवा कितीही प्रयत्न केला तरी निघत नाही. एअर काढताना नळीतून आधी बुडबुडे येतात, मग अखंड धार. उजव्या बाजूचा कॅलिपरही याच रीतीने खोलून नव्या रबरी भागांचे किट बसवण्यात आले. त्याचे चित्रीकरण आम्ही केले नाही.

साळवी स्टॉपपर्यंत फेरी मारून आल्यावर तापमापक दोन्ही चाकांवर धरला असता आकडे जवळजवळ सारखे येतात. मालकांच्या हाती पडलेल्या बिलात दोन रबर किट, एक पिस्टन, पॅडचा एक संच, ब्रेक ऑइल आणि मजुरी आहे. नवा कॅलिपर घ्यावा लागलेला नाही. दोन्ही कॅलिपर बदलावे लागतील असा सल्ला त्यांना याआधी दुसरीकडे मिळाला होता.