मनातलं कोर्टाला कसं कळणार?

नमस्कार, श्रोतेहो. करार फिसकटला की एक जण म्हणतो, "माझ्या मनात तसं काही नव्हतं हो!" दुसरा म्हणतो, "याची नियतच खोटी होती." दोघंही शपथेवर सांगतात. न्यायाधीशानं कुणाच्या मनात डोकवायचं?

इंग्लंडमध्ये १८७१ साली ओट या धान्यावरून असाच खटला गाजला. शर्यतीचे घोडे तयार करणाऱ्या एकानं शेतकऱ्याकडचा नमुना पाहिला, ठेवून घेतला आणि मग माल मागवला. माल आला तो नव्या पिकाचा. याला हवं होतं जुनं. 'जुनं' हा शब्द सौद्यात उच्चारला होता की नाही, यावरच सगळं अडलं. ज्यूरीनं खरेदीदाराच्या बाजूनं कौल दिला. वरच्या कोर्टानं तो रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. कारण मोठं बारीक होतं. खरेदीदार आपल्या मनानंच हे जुनं धान्य समजतोय, हे कळूनही विक्रेता गप्प बसला, तर सौदा टिकतो. पण 'विक्रेता आपल्याला जुनं द्यायचं कबूल करतोय' असा त्याचा समज आहे, हे कळूनही गप्प बसला, तर नाही. मला स्वतःला यातली पहिली सूट जरा जास्तच सैल वाटते. असो. तिथेच न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी कसोटी सांगितली: मनात काहीही असो, शहाण्या माणसाला होकार वाटेल असं वागलात तर तुम्ही बांधले गेलात.

म्हणजे मनाला किंमतच नाही? आहे. पाळायचंच नाही असं ठरवून वचन देणं, ही भारतीय करार कायद्याच्या कलम १७ नुसार फसवणूक. फक्त ते 'ठरवणं' शेवटी पत्रं, तारखा आणि वागणूक यांतूनच सिद्ध करावं लागतं.

करार झाल्यावरच्या सचोटीचं काय? जर्मनीच्या १९०० पासून लागू झालेल्या दिवाणी कायद्याच्या संहितेत ती कलम २४२ मध्येच लिहिलेली आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली त्याच दिशेनं पाऊल टाकलं. एका कंपनीला तिच्या विक्रेत्याचा करार पुढे चालवायचा नव्हता. मुदतीत नोटीस देऊन तो संपवायचा हक्कही तिला होता. पण विक्रेता पुढचं विचारत राहिला, तेव्हा कंपनीनं त्याची दिशाभूल केली. नुकसानभरपाई ठरली ८७,००० डॉलर. करार संपवल्याबद्दल नव्हे, आधी खोटं बोलल्याबद्दल.